किती उशा?

माझ्या जावेला हृदयाचा आजार झाला आणि माझी खोली गेली. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण आमच्या घरात झालं ते असंच झालं.

पुंडलिकनगरात आमचं दुमजली घर आहे, दोघा भावांनी मिळून बांधलेलं. थोरले म्हणजे आमचे हे, वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेले. धाकटे बद्रीनाथ भावजी, जाधववाडीच्या मोंढ्यात कांद्याच्या आडत दुकानात मुनीम आहेत. ह्यांचे वडील वैजापूरकडं मेंढरं राखायचे, आणि वडिलांचा विषय निघाला की दोघं भाऊ अजून गळ्यात गळा घालतात. मुलं नोकरीला पुण्याला. चूल एकच, खाली आम्ही राहायचो आणि वर भावजी आणि त्यांची बायको ज्ञानेश्वरी. खालच्या खोलीला गल्लीकडं उघडणारी मोठी खिडकी आहे, न्हाणीघर दोन पावलांवर आहे, आणि गल्लीत कोण आलं कोण गेलं ते पलंगावर पडल्या पडल्या कळतं. घर बांधल्यापासून ती खोली माझी होती.

दिवाळीच्या आधी ज्ञानेश्वरीला आडवं पडलं की गुदमरायला लागलं. पाय सुजले. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, बऱ्याच वर्षांच्या साखरेनं हृदय थकलंय, पंपिंग कमी झालंय, म्हणून अंगात पाणी साठतंय. औषधं दिली, मीठ बंद केलं, पाणी मोजून प्यायला सांगितलं आणि सध्या जिने चढायचे नाहीत असंही सांगितलं. त्याच संध्याकाळी दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोघा भावांनी ठरवूनही टाकलं की ज्ञानेश्वरी खाली आणि आम्ही वर. मला कुणी विचारलं नाही. भावजी माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, ‘बाई समजूतदार हायेत.’ मी तिथं डबा घेऊन उभी होते. समजूतदार म्हटल्यावर बोलायला काय तोंड उरतं?

खरं सांगायचं तर साखरेत मी तिला सीनियर आहे. तिला साखर निघाली तेव्हा माझी गोळी सुरू होऊन कितीतरी वर्षं झाली होती. पहिल्यांदा रक्त तपासायला तिला मीच हाताला धरून नेलं होतं, सुई टोचताना तिनं डोळे मिटले होते आणि मी हसले होते. आणि आता ती माझ्या पलंगावर, माझ्या खिडकीपाशी, माझी चादर अंगावर घेऊन पडलेली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात रोज सकाळचा तो सोहळा. न्हाणीघराच्या दाराशी वजनाचा काटा आणून ठेवला होता. चहाच्या आधी ज्ञानेश्वरी त्यावर चढायची आणि भावजी वाकून आकडा मोठ्यानं म्हणायचे, मोंढ्यात गोणीचं वजन पुकारतात तसा. मग तिच्या नडगीवर अंगठा दाबायचे, खड्डा राहतो का बघायला. मग विचारायचे, ‘राती किती उशा?’

‘एकच,’ ती म्हणायची. नव्या नवरीसारखी मान खाली घालून.

हे सगळं दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलेलं होतं. दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं तर ते पाणी असतं. झोपायला जास्त उशा लागायला लागल्या तर पाणी छातीपर्यंत आलं असं समजायचं आणि लगेच फोन करायचा. मला पाठ झालं होतं, कारण मी तेव्हा ओट्यापाशी चहा गाळत असायचे आणि कान मात्र न्हाणीकडं असायचे. आमच्या ह्यांनी लग्नाला एवढी वर्षं झाली तरी माझ्या डोक्याखाली उशी आहे का वीट, हे कधी पाहिलं नाही.

स्वयंपाक माझ्याकडंच. आधी तिची आमटी बिनमिठाची काढायची, मग आमच्या पातेल्यात मीठ घालायचं. तिला पापड नाही, लोणचं नाही, खारातली मिरची नाही. मी तिच्या समोर बसून जेवायचे. ताटात ठेचा, लिंबाचं लोणचं, भाजलेला पापड. पापड मी मुद्दाम आवाज करून मोडायचे. ती बघायची आणि पुन्हा आपल्या ताटाकडं मान वळवायची. मला बरं वाटायचं, आणि जेवणाला चवही यायची.

भेटायला माणसांची रीघ. कुणी शहाळी आणायचं, कुणी बिस्किटांचे पुडे, कुणी फरसाण. आमच्याकडं आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जात नाहीत. आणि ज्ञानेश्वरीला यातलं काहीच चालत नव्हतं. ‘बाई, तुमीच घ्या,’ ती म्हणायची. वाया कसं घालवायचं म्हणून मी ओट्यापाशी उभी राहून शहाळ्याचं पाणी प्यायचे आणि दुपारी फरसाण खायचे. कौतुक तिचं आणि फरसाण माझं, अशी वाटणी होती.

एकदा शेजारच्या कडूबाई आल्या. ज्ञानेश्वरीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘किती वाळलीस गं.’ मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘तुमी मातर भरल्या बरं का.’

ते मला झोंबलं. दुपारी घर रिकामं झाल्यावर, ज्ञानेश्वरीचा डोळा लागलेला बघून, मी चोरासारखी न्हाणीपाशी गेले आणि काट्यावर उभी राहिले. आकडा पाहून कडूबाईंना खोटं म्हणायची सोय राहिली नाही. त्या दिवसापासून दोन भाकरींच्या जागी एक घेतली. चार दिवसांनी पुन्हा चढले तर आकडा वरच. मग अर्धी भाकरी. तरी वरच. रोज सकाळी तिचा आकडा जागच्या जागी आणि दुपारी माझा चढता. काटासुद्धा तिच्याच बाजूचा आहे, असं मला वाटायला लागलं.

जिन्याचं तर विचारूच नका. आमच्या जिन्याला मध्ये वळण आहे आणि तिथं कढीपत्त्याची कुंडी आहे. वर जाताना तिथवर पोचले की धाप लागायची. कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून मी कुंडीपाशी थांबायचे आणि कढीपत्ता तोडत उभी राहायचे. श्वास जागेवर आला की पुढं. आमच्या आमटीत, पोह्यांत, ताकात, सगळ्यात कढीपत्ता पडायला लागला. हे एकदा म्हणाले, ‘अगं, त्या झाडाला पान तरी ठेव.’ गुडघेही बोलायला लागले होते. त्यावर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून मी रोज घ्यायला लागले.

वरची खोली म्हणजे कोंडवाडा. हवा नाही. पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून मी आणखी एक उशी घेतली. मग ह्यांचीही ओढून घेतली. ते गोधडीची घडी करून झोपायला लागले आणि कशाला हवी एवढी उशी, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, सगळं पाठ होतं तर कळत कसं नव्हतं? कळत नव्हतं असं नाही. पण एक झालं होतं. आमच्या नणंद, आवडाबाई, वैजापूरहून आल्या होत्या. सगळे खालच्या खोलीत बसले होते, मी पाण्याचे पेले घेऊन आले आणि सहज म्हणाले, ‘मलाबी आजकाल दम लागतोय बरं का.’

आवडाबाई हसल्या. ‘आता तुलाबी खालची खोली पायजे व्हय?’

सगळे हसले. आमचे हेही हसले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. एकटी ज्ञानेश्वरी हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. आता ही माझी कीव करणार म्हटल्यावर माझं पित्त खवळलं. पेले ठेवले आणि मनाशी गाठ मारली की मेले तरी पुन्हा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आजार तिचा आहे तर तिलाच असू दे. मी काही उष्टं घेणारी नाही.

मग आली संक्रांत. हळदीकुंकू दरवर्षी खालच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत होतं. या वर्षी मी माझ्याच खोलीत पाहुणीसारखी खुर्चीवर बसले होते. गल्लीतल्या बायका, आवडाबाई, कडूबाई, सगळ्या सतरंजीवर. ज्ञानेश्वरी काळी साडी नेसून तिळगूळ वाटत होती आणि जी ती तिला ‘बस गं, दमशील’ म्हणत होती. मी पहाटेपासून तिळाचे लाडू वळले होते, मला कुणी बस म्हटलं नाही.

लग्न होऊन आली तेव्हापासून ज्ञानेश्वरी सणाला माझ्या पाया पडते. दिवाळीला पडली नाही. नुकतीच दवाखान्यातून आली होती, वाकलं की गरगरतं म्हणून सगळ्यांनी माफ केलं. आता संक्रांतीलाही ती माझ्यासमोर आली, हातावर लाडू ठेवला आणि उभ्या उभ्याच हात जोडले.

‘ऱ्हाऊ दे, तिला वाकायचं नसतंय,’ आवडाबाई म्हणाल्या.

खोली घेतली, पलंग घेतला, वर आमचे हेसुद्धा मलाच हसले. आणि आता एवढा एक मान उरला होता, तोही परस्पर माफ करायला आवडाबाई बसल्या. माझा तोल गेला.

‘वाकायचं नाय तर बसून पड की,’ मी म्हणाले. ‘माझे पाय काय वर टांगलेले नायत.’

कडूबाई बांगड्या मागं-पुढं करत बसल्या. ज्ञानेश्वरीनं देवघरातून पाट आणला, माझ्या समोर मांडला, त्यावर हळू बसली आणि दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले.

मला समाधान वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप समाधान वाटलं. सगळ्यांनी बघावं असंही वाटलं. मी आशीर्वाद द्यायला हात वर केला, पण ती हात काढेना. मला वाटलं, रडते की काय. आता सगळ्या मलाच बोलतील. पण ती रडत नव्हती. ती माझ्या पायातली जोडवी चाचपत होती. जोडवी बोटांत रुतली होती, दोन्हीकडून मांस वर आलं होतं. मग तिनं माझी साडी बोटभर वर सारली आणि नडगीवर अंगठा दाबला. भावजी रोज तिच्या नडगीवर दाबायचे तसाच, तितकाच वेळ.

अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. पिठाच्या गोळ्यात बोट रुतवल्यावर राहतो तसा. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत होतो आणि तो भरत नव्हता.

‘बाई, किती उशा घेता?’ तिनं विचारलं.

‘एकच,’ मी म्हणाले.

‘मग रोज कढीपत्ता कामून तोडता?’

ती हळू आवाजात बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जात होतं.

‘मीबी तसंच करायचे वो. त्याच वळणावर. दोरीवरचे कपडे वाळले का बघत उभी ऱ्हायचे. लोकांना वाटायचं लई कामाची हाय. तुमी त्या दिवशी दम लागतो म्हणल्या तवाच मी बोलाया पायजे व्हतं. पण मला वाटलं, तुमची खोली घेऊन बसलेय, आता तुमच्या आजारातबी तोंड घालू का?’

मग ती उठली आणि दारात जाऊन भावजींना हाक मारली. गाडी काढा म्हणाली. हळदीकुंकवाच्या बायका तिळगूळ हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

दवाखान्यात सोनोग्राफीसारखं मशीन माझ्या छातीवर फिरवून बघितलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, ‘आजी, तुमचंही पंपिंग कमी झालंय. मागं कधीतरी छोटा झटकाही येऊन गेलेला दिसतोय. छातीत दुखलं नव्हतं का?’

‘नाय,’ मी म्हणाले.

‘जुन्या साखरेत कधी कधी दुखणं कळतच नाही. नुसता दम लागतो, थकवा येतो, पाय सुजतात.’ मग त्यांनी खाणं-पिणं विचारलं. मी लोणचं सांगितलं, पापड सांगितला, फरसाण सांगितलं. गुडघ्याच्या गोळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. ती गोळी अंगात पाणी धरून ठेवते, ती आजच बंद, म्हणाल्या. अंगावर चढत होतं ते मांस नव्हतंच, पाणी होतं. मी अर्धी भाकरी खाऊन उपाशी राहत होते आणि पाणी मात्र मिठावर पोसत होते.

‘घरात एक पेशंट असताना तुम्ही आधी का नाही आलात?’

आमचे हे माझी पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकले होते. ज्ञानेश्वरी बाजूच्या स्टुलावर बसली होती. काय सांगणार? ती आजारी होती म्हणून मला आजारी पडता येत नव्हतं, असं सांगू? मी दुसरंच विचारलं.

‘तिचं पंपिंग किती व्हतं?’

डॉक्टरांनी कागद चाळून सांगितलं. माझं तिच्यापेक्षा कमी भरलं. बघा, तिथंही ती पुढंच.

शिरेतून औषध दिलं आणि पाणी उतरायला लागलं. सिस्टरनं साबण लावून जोडवी काढली. ज्ञानेश्वरीनं ती धुतली, पुसली आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

घरी आले तेव्हा दोघे भाऊ वरच्या खोलीत गेले होते. खालच्या खोलीत दोन पलंग लावलेले. खिडकीकडचा रिकामा होता, त्यावर माझी चादर होती. ज्ञानेश्वरीनं स्वतःला भिंतीकडचा घेतला होता. स्वयंपाकाला एक बाई लावली, आणि आता सगळ्या घराची आमटी बिनमिठाची, ज्याला पाहिजे त्यानं वरून घ्यावं. आमचे हे पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात आणि मग माझ्याकडं बघून गुपचूप गिळतात.

पण माझा स्वभाव काही दवाखान्यात ठेवून आले नव्हते. सकाळी आधी ज्ञानेश्वरी काट्यावर, मग मी. भावजी दोघींचे आकडे पुकारतात. तिचा स्थिर, माझा खाली-वर. तिची उशी एक, माझ्या दोन. डॉक्टर म्हणाल्या की हळूहळू एकावर याल. मी ज्ञानेश्वरीच्या त्या एका उशीकडं बघते आणि माझ्या पोटात दुखतं. दुसऱ्याच्या हिऱ्यामोत्यांवर जळणाऱ्या बायका मी पाहिल्यात, उशीवर जळणारी मी एकटीच असेन.

परवा आवडाबाई आल्या. मला भेटायला, खास मला. येताना खारे शेंगदाणे आणले, वैजापूरच्या बाजारातले, मला आवडतात म्हणून. ज्ञानेश्वरी न्हाणीत होती. मी पुडी उशीखाली सरकवली आणि दोन दिवस येता-जाता खाल्ले. तिला न देता खाल्ले, म्हणून जास्तच गोड लागले.

काल रात्री पुन्हा ते छातीवर बसल्यासारखं झालं. मी भिंतीकडच्या कपाटातून आणखी एक उशी काढली. आवाज होऊ नये म्हणून बोटांनी धरून आणली.

सकाळी उजाडलं तशी ज्ञानेश्वरी उठून बसली. केस बांधता बांधता तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, ‘बाई, किती उशा?’

एवढंच कुणीतरी मला विचारावं म्हणून मी इतके महिने जळत होते. आणि विचारलं तेव्हा जिभेवर पहिल्यांदा ‘एकच’ आलं. तिच्याइतकीच सांगावी असं वाटलं. भावजी जिना उतरत होते, त्यांच्या मागं आमचे हे होते, पुन्हा हसतील असं वाटलं. मी हात मागं नेऊन उशा चाचपल्या.

‘तीन,’ मी म्हणाले. ‘आणि शेंगदाणे खाल्लेत.’

तिच्या हातातले केस सुटले. ‘काल दोन व्हत्या,’ ती म्हणाली. मग उठून माझ्यापाशी आली, उशीखालची पुडी काढून घेतली, मला हाताला धरून उभं केलं आणि काट्यापाशी गेलेल्या भावजींना तिथूनच सांगितलं, ‘दवाखान्यात फोन लावा. आणि आज बाई आधी.’

माझं नाव तिच्या आधी घेतलं जायची ही पहिलीच वेळ. मी तिच्या खांद्याला धरून काट्यावर चढले.